नारळ नसलेला मुहूर्त

सोमवार, सकाळचे साडेनऊ, रास अल खैमा.
समुद्राचं पाणी गोडं करायच्या नव्या प्लांटची
पहिली बैठक.
बाबा फोनवर विचारतात, नारळ फोडला का गो?
मी म्हणते, इथे खजूर ठेवतात.

चौदा खुर्च्या, सोळा माणसं.
बाहेर त्रेचाळीस अंश,
आत एसी असा की सगळे कोटात.
मालकांकडून इंजिनिअर मरियम,
सल्लागार कंपनीचा फेरान,
ठेकेदार बिजूमोन, त्याच्या कुशीला त्याचा हिशेबनीस,
कागदपत्रांची रोवेना, जिच्याकडे सगळ्यांचे खरे नंबर असतात,
आणि मी, प्लॅनिंगवाली, कुडाळची,
तीनशे बारा ओळींचा तक्ता घेऊन.

नमनाला घडाभर तेल मीही जाळलंय.
अबूधाबीच्या एका कामात बावन्न स्लाइड दाखवल्या,
सगळ्यांनी माना डोलावल्या,
आणि चौथ्या महिन्यात कळलं
की प्रत्येक मान वेगळ्याच गोष्टीला डोलत होती.
आरंभशूरांची ती फौज, सेनापती मी.

तेव्हापासून स्लाइड पाच.
तेव्हापासून पहिला प्रश्न हाच:
या कामात आपण काय काय करणार नाही?

शांतता. एसीचा आवाज.
फेरान चष्मा पुसतो, पुसलेला चष्मा परत पुसतो.
मग बिजूमोन म्हणतो, गेटपासूनचा रस्ता आमच्यात नाही.
मरियम विचारते, मग कुणात?
अकरा मिनिटं त्या रस्त्यावर जातात.
जाऊ देत. नाहीतर सहा महिने गेले असते.
रोवेना लिहून घेते: काम, नाव, तारीख.
‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे
असं तिने भिंतीवर चिकटवलंय,
मला न विचारता.

दुसरा प्रश्न माझा नाही, बाबांचा.
बाबा गवंडी. पाया खणायच्या आधी
चारी बाजूंचे शेजारी बांधावर उभे करायचे,
त्यातला भांडखोर सगळ्यात आधी बोलवायचे.
आता बोल, म्हणायचे, जोतं झाल्यावर नको.

तर: इथे कोण आलेलं नाही?
प्लांट बांधणारे आले, पैसे देणारे आले, सह्या करणारे आले.
व्हॉल्व्ह कोण फिरवणार?

मरियम उठून दाराशी जाते
आणि सुलेमान अल-शिहीला आत आणते.
जुन्या पंपघरावर सव्वीस वर्षं.
तो फक्त गेटच्या किल्ल्या द्यायला आला होता.
नकाशा तो आधी फिरवून घेतो,
समुद्र स्वतःच्या बाजूला येईल असा.
मग बोट ठेवतो, जिथून आपण पाणी ओढणार तिथे,
आणि हळू बोलतो. मरियम मराठी नाही,
तरी तिच्या इंग्रजीतून मला ते कुडाळीच ऐकू येतं:
ज्या वर्षी दर्या लाल होतो,
तो सगळा लाल गाळ हयच येऊन बसता.
तासाभरात जाळ्या तुंबतात.
तुमी तोंड नेमका थयच ठेवलाहास.

फेरान म्हणतो, आमच्या मॉडेलप्रमाणे
आणि वाक्य तिथेच सोडतो.
हिशेबनीस बिजूमोनच्या कानात एक आकडा सांगतो.
दोनशे मीटर जास्तीचा पाइप.
पैसे कुणी द्यायचे?
कुणीच मान डोलवत नाही.
मी सगळ्यांदेखत ओळ एक्केचाळीस पुसते,
तिच्याबरोबर उद्घाटनाची तारीखही,
जी वरच्या साहेबांनी आधीच कुणाला तरी सांगितली आहे.
पोटात गोळा येतो. तो इतिवृत्तात लिहीत नाहीत.
रोवेना लिहिते: मतभेद एक. निकाल पुढच्या गुरुवारी. नाव: मरियम.

मग गहवा फिरतो.
सुलेमान रिकामा फिंजान बोटांत जरासा हलवतो.
पुरे. वाढणारा पुढे जातो.
मी पाच वर्षं इथे आहे,
तरी सवयीने मान हलवते,
आणि माझा फिंजान
परत भरला जातो.