उलट्या पावली

आमच्या फेरीबोटीला तोंड एकच.
म्हणून क्लाक्सविकच्या धक्क्यावर गाडी उलटी चढवायची,
म्हणजे पलीकडे, काल्सोयला,
नाकासमोर उतरता येतं.
हे मी दिवसातून चाळीस वेळा सांगते.
हातांनी. वारा तोंडात शब्द टिकू देत नाही.

भाड्याची गाडी लांबूनच कळते.
धुतलेली असते, हे एक.
दुसरं, रॅम्पपाशी येऊन थबकते
आणि आत नवरा-बायको एकमेकांकडे बघतात:
सही केली त्या कागदावर
बोटीबद्दल बारीक अक्षरात काही होतं का?
होतं.
नेहमीच असतं.

मग मागे घेणं सुरू होतं.
आरशात मी, केशरी जाकिटातली,
आणि माझ्या पाठीशी तेवढा सगळा समुद्र.
त्यांना वाटतं, मी त्यातच बोलावतेय.
डावीकडे म्हटलं की उजवीकडे जातात.
एका बाईंनी तर अर्ध्यातच किल्ली माझ्या हातावर ठेवली
आणि चालत चढल्या,
ती गाडी कुणाची कोण, अशा.

बोट खाडीबाहेर आली, हलायला लागली
की या गाड्या बोंब मारतात. चोर, चोर!
कसला चोर, लाट आहे.
आमच्या बेटावर किल्ल्या गाडीतच राहतात.
पळवून नेणार कुठे?
रस्ता संपतो तिथे कडा,
आणि परत यायला हानुस कप्तानाचीच बोट.

ऑक्टोबरातला गुरुवार. शेवटची फेरी.
एक पांढरी, बुटकी गाडी,
काचेवर विमानतळाच्या कंपनीचं चिकटपत्र.
आत एकटाच माणूस, साठीचा.
मी हात वर केला आणि तो तसाच वरच राहिला,
कारण गाडी एका दमात मागे आली होती
आणि भिंतीपासून वीतभरावर उभी होती.
इंजिन बंद. हँडब्रेक.
मग त्यानं काच खाली केली
आणि बाहेर हात काढून
आरसा मिटून घेतला.

आता असं कोणी करत नाही.
जुनी बोट अरुंद होती तेव्हा करायचे.
ती मोडीत निघाली
तेव्हा माझे पुढचे दात पडले होते.

पैसे घ्यायला गेले.
"परतीचं?"
"उद्याची पहिली. बाराच्या आत गाडी द्यायचीय, टाकी भरून."
भाषा आमचीच,
पण पाहुण्यांसाठी ठेवलेला कप वर्षांनी काढावा तशी,
आधी फुंकर मारून.
"पावती?"
"पावती नको," म्हणाला, आणि चिकटपत्राकडे बघून हसला.

मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं,
चौकोनी, चपटं,
पोराला लावावा तसा पट्टा लावलेलं.
सुन्वा म्हातारी तीनदा शेजारून गेली.
चौथ्यांदा मला म्हणाली, "काच आहे. खिडकीची."
कुठल्या घराची, ते मी विचारलं नाही.
वरच्या गावात हिवाळ्यात दोनच दिवे लागतात,
बाकीच्या खिडक्या मला पाठ आहेत.

बोट हलली. त्याची गाडी ओरडली नाही.
तो आतच बसून राहिला,
एक हात मागे, घोंगडीवर.

सकाळी पाऊस आडवा होता.
गाडी आली ती ओळखूच आली नाही:
दारापर्यंत चिखल, वायपरमध्ये गवत,
मागची सीट रिकामी,
पट्टा मात्र तसाच लावलेला.
स्टिअरिंगवरच्या बोटांना पांढरी लांबी सुकलेली.
मी म्हटलं, "बसली का?"
म्हणाला, "एका कोपऱ्यात वारा येतोय अजून."
एवढंच. जसं काही
पुढच्या आठवड्यात येऊन बघणार आहे.

क्लाक्सविकला उतरताना आरसा मिटलेलाच होता.
मी काचेवर टकटक केलं, आरसा उघडून दिला.
त्यानं बघितलं त्यात,
जरा जास्त वेळ.
मागे पावाची गाडी हॉर्न वाजवत होती.
मी हातानं खूण केली: पुढे, पुढे घ्या, सरळ.