सातवं ताट

रुमाल सोडला की अजून
पंचगंगेचा गाळ येतो नाकात.
पुराच्या साली पानन् पान दोरीवर वाळवलं होतं.

वकील म्हणाले, कागद फुगलाय, शाई फुटलीय.
म्हटलं, फुटलीय.
आकडा नाही फुटला.

लॉकअपच्या वहीत सहा नावं.
खानावळीच्या बिलावर सात ताटं,
खाली दत्तोबाचं गिचमिड अक्षर:
सहा रिकामी. एक तसंच परत.
पैसे पूर्ण.

न्यायाधीशांनी पुन्हा वाचायला लावलं.
दुसऱ्यांदा माझा आवाज 'तसंच'वर अडकला.
मागच्या बाकावर इरव्वा,
पदराचं टोक मुठीत.

कसबा बावड्याच्या त्या पायरीवर मग तिनं गाठलं मला.
एकतीस वर्षांनी नवरा मोजला गेला,
त्याबद्दल काही बोलली नाही.
"कोरड्यास काय हुतं वो,
लिवलंय का त्यात?"