मागच्या अमावस्येपर्यंत

मंगळवारी सकाळी पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग उघडायला गेलो
तर नावाला कसलंतरी शेपूट.
सगळ्याच फायलींना. एकूण एक.
मधोमध काळी चौकट, तिच्यात इंग्रजीतनं दमदाटी
आणि उलटं मोजणारं घड्याळ:
एकाहत्तर तास, अठ्ठावन्न मिनिटं.

उद्यमनगरात पस्तीस वर्षं सागवानाचे पॅटर्न केले,
रंधा कुठं अडतोय ते बोटाला आधी कळतं.
इथं बोटाला काहीच कळेना.
आदल्या रात्री मेलवर एक बिल आलं होतं.
म्हटलं बघू कुणाचं.
बघितलं.

समीना मुजावर, मुलीच्या वर्गातली, जवाहरनगरची,
फोनवरच ओरडली, आधी नेटची वायर उपसा काका!
मग हेल्मेटसकट आत आली. चहा नको म्हणाली.
पैसे एक रुपया द्यायचा नाही.
आणि ती डिस्क मी सांगेपर्यंत जोडायची नाही,
हातसुद्धा लावायचा नाही.

ती डिस्क म्हणजे
पोह्याच्या डब्यात, डबा माळ्यावर,
माळा एकोणीसच्या पुराच्या खुणेपासून चार हात वर.
त्या साली कागदावरची ड्रॉइंगं गेली.
चिखलाचा गठ्ठा उन्हात घातला
तर पापडासारखा फुटला.
तेव्हापासून वैजयंताचा नियम,
अमावस्येला मशीन बंद, नारळ फुटला
की डिस्क खाली काढायची, सगळं उतरवून घ्यायचं,
वायर सोडवून परत डब्यात.
मी हसायचो.
पाणी काय आता मेलवरनं येणार आहे?

समीनानं स्वतःच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवून आणला.
मला वाटलं, पुसून देईल.
तिनं वितळवून परत ओतला.
नुसता निळा पडदा उरला, तो बघून
वैजयंता न बोलता भांडी घासायला बसली,
घासलेलीच भांडी.

पासवर्ड बदला, सगळे, फोनवरनं. जुना काय होता?
जीभ अडली.
बारक्या, पुढं चौऱ्याहत्तर.
धाकट्या भावाचं घरातलं नाव, त्याचं जन्मसाल.
हे तर कुणीपण ओळखेल काका.
कोण ओळखेल?
ह्या गावात रिक्षावाला मला भावा म्हणतो,
पानपट्टीवाला भावा म्हणतो,
मीटर बघायला आलेलं पोरगंसुद्धा भावा.
बारक्याच तेवढा
बारा दिवस झाले काही म्हणत नाही.

तीनला डिस्क जोडली.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं.
समीनानं माझ्याकडनंच दोन फायली तपासून घेतल्या.
आकसण्याची सूट बरोबर. कोअर प्रिंट बरोबर.
मला एकदम भूक लागली.

गेलं ते मागच्या अमावस्येनंतरचं.
शिरोलीचं एक काम, ते काढता येईल परत.
नातवाच्या जावळाचे फोटो, ते सुनेच्या फोनवर आहेत.
आणि वाटणीपत्राचा मसुदा,
तीन रात्री जागून केलेला,
लेथ कुणाचा, बँडसॉ कुणाचा, आबांचा रंधा कुणाचा,
शेवटी एक वाक्य होतं
ते इथंही लिहीत नाही.

ते आता कुठंच नाही.
कॉम्प्युटरला आमचं भांडण ठाऊकच नाही.
त्याच्या लेखी अजून मागचीच अमावस्या,
पहिल्या रांगेत ‘दोघांचं’ नावाचा फोल्डर,
आत त्याची सही, खाली माझी,
शाई एकाच पेनाची.

समीनाला पाचशे दिले, दोनशे तिनं परत केले.
जाताना म्हणाली, डिस्क दोन पाहिजेत काका.
एक घराबाहेर ठेवा.
कुणाकडं तरी, विश्वासातल्या.

डबा मांडीवर घेऊन बसलोय.
आत पोह्याचा वास आहे अजून.
बारक्या राहतो कळंब्याला, चढावर.
तिथं पाणी कधी येत नाही.