मंगळवारची प्रत

ह्यूमा बेटावर मारिकाचं लोकरीचं दुकान.
पहाटे सर्व्हर बसला, साइट गेली.
तार्तूहून मी फोनवर म्हटलं, घाबरू नका,
रोज रात्री तीनला आपोआप प्रत निघते.

अलीकडच्या साऱ्या फुटक्या निघाल्या.
धड सापडली ती मार्चातल्या एका मंगळवारची.
चढवली.

मोजे आले, भाव आले, मेंढ्या आल्या,
आणि ‘आमच्याविषयी’मध्ये
तिच्या खांद्यावर हात टाकून
उर्मास.

बराच वेळ फक्त किटलीची शिट्टी.
मग ती म्हणाली,
“अंगातला तो स्वेटर मी केव्हाच उसवला.
त्याचेच हे मोजे.”

तिनं त्याला पुन्हा पुसलं, स्वतःच्या हातानं.

मी बोललो नाही :
जुनं टाकायला आमचं यंत्र नव्वद दिवस घेतं.
त्याचे अजून
एकवीस उरलेत.