चौथं अक्षर

इंजिनाच्या आवाजात तो म्हणायला बरा पडे.
एकतीस वर्षं नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे,
साखळी ओढताना, फळी धक्क्यावर आदळताना,
पोदेराची सायकल आत घेताना
ओठ हलत राहिले. कुणी विचारलं नाही.
फेरीवरचा खलाशी डिझेलला शिव्या देत असणार,
एवढंच लोकांना वाटे.

सोयरूबाबांनी तो दिला झरीपाशी.
माझे केस ओले, त्यांच्या तोंडाला पानाचा वास.
उजव्या कानात तीनदा.
मग म्हणाले, आता गाठ मार.
बायकोला नाही, पोराला नाही,
देवाला सांगायची गरज नाही.

आता ते सोप्यावर बसून सुपाऱ्या सोलतात,
सोललेल्या पुन्हा न सोललेल्यांत टाकतात.
शेवंती, त्यांची लेक, सांगते:
मेलेल्या बैलांची नावं आठवतात, माझं नाही.
मला बघून म्हणाले, "फेरी चुकली कितें रे तुजी?"
आणि मग अगदी हळू,
खिसा फाटल्याचं कळल्यावर माणूस बोलतो तसं,
"म्हज्याकडेन कितें तरी आशिल्लें. आठ अक्षरांचें."
बोटांवर मोजू लागले.
तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला, मागे आला,
पुन्हा तिसऱ्यावर.

कुणाला सांगू नको, म्हणाले होते.
त्या कुणात ते स्वतः येतात की नाही
हे झरीपाशी विचारायचं राहून गेलं.

शेवंतीला म्हटलं, थोडं पाणी आण.
ती आत गेली.
त्यांच्या कानातलं यंत्र काढलं,
ते माझ्या मुठीत बारीक शिट्टी मारत राहिलं.
वाकलो. माझ्या तोंडाला डिझेलचा वास असेल.
तीनदा.

ते गप्प. खाली कुळागरात पाटाचं पाणी.
मग एकदम जुन्या आवाजात, कपाळाला आठी:
"चवथें दीर्घ. सांगलें न्ही तुका?"

एकतीस वर्षं.
आणि चौथं ऱ्हस्व.

मी कान धरले. ते हसले,
हसता हसता चेहरा मोकळा झाला
ओहोटीच्या खाजणासारखा.
"बरो आसा मंत्र," म्हणाले. "तुका कोणें दिलो?"

शेवटच्या फेरीला दोनच स्कूटर होत्या,
एकीवर झोपलेलं पोर.
म्हातारा तेव्हा आठवत होता की नव्यानंच विसरत होता,
कुणाला विचारणार?
दिवाडीकडे जाताना दीर्घ म्हणतो, जपून,
परतताना जीभ आपली ऱ्हस्वावर जाते
आणि मी तिला जाऊ देतो.