दोन रुपये साठ पैसे

मक्याचा भरडा दोनशे ग्रॅम: चार ऐंशी.
सरकीची ढेप तेवढीच: आठ.
हिरवा चारा दहा. मीठ, जंताचं औषध,
लसीचा वाटा, सगळं मिळून दोन वीस.
झाले पंचवीस.

बोकड दिवसाला ऐंशी ग्रॅम चढतो.
(कापसाच्या काट्यावर मोजलाय, दर रविवारी,
हमाल हसतात, हसू देत.)
जिवंत वजनाला किलोमागे दोनशे ऐंशी धरा,
ऐंशी ग्रॅमचे बावीस चाळीस.

म्हणजे तो रोज सकाळी उठतो, अंग झाडतो,
दावणीला शिंगं घासतो,
आणि मला दोन रुपये साठ पैसे लागतात
त्याच्या उठण्याचे.

गेल्या साली तीनशे साठ होता भाव.
तेव्हा उठण्याचे तो मला देत होता.

सासरे दगाआबा ओट्यावरून म्हणतात,
"बोकड वही नही वाचस, पोरी. तो पाला खास."
खरं आहे.
पण वहीत एक रकाना मी आखलाय आणि
कधी भरला नाही:
बोरीच्या काठाने बाभळीच्या शेंगा वेचायला लागलेले तास,
रात्री दोनदा उठून गोठ्यात टॉर्च मारणं.
तो भरला तर बेरीजच दुसरी होते.
म्हणून आखून ठेवलाय फक्त.

ईदपर्यंत थांब, सगळे सांगतात.
सगळेच थांबले
तर ईदला सगळेच येतील की.
आणि एकशे दहा दिवस गुणिले दोन साठ,
हे कोणी सांगत नाही.

अमळनेरच्या बाजारात दोन्ही उतरवले.
बाप्ये रुमालाखाली हात घालून
बोटं दाबतात, मान हलवतात,
भाव दोघांच्यातच राहतो.
माझा हात कोण धरणार?
शरफू खाटीक दोन पावलं लांब उभा राहून
मोठ्याने म्हणाला,
"पाच हजार आठशे. आज भाव नही शे, बाई."

सगळ्या बाजाराने ऐकलं.
शेजारच्या मेंढरवाल्याने ऐकलं, आणि त्याचं गिऱ्हाईक
लगेच आकडा खाली घेऊन बसलं.
मी उभी. दोऱ्या हातात.
काटा चोवीस किलो सांगतो, भाऊ, म्हटलं,
गुणाकार मीच करून दाखवू का?

तेव्हा पिकअपच्या सावलीतून
त्याची आई उठली, हाजराबी,
गुडघे धरत, पान थुंकून.
"हट, तुले काय समजस," म्हणाली पोराला,
आणि ओढणीचा पदर माझ्या मनगटावर टाकला.

गरम होता तो अंधार.
तिची बोटं कोरडी, करवतीसारखी.
पंजा. मग एक. मग थांबली.
मी दाबलं. तिने दाबलं.
मधल्या वेळात नुसतीच तर्जनी धरून राहिली,
जशी बाजारात चुकू नये म्हणून पोराची धरतात.
कानाशी म्हणाली, सुरतेहून सकाळपासून फोन नाही,
गाडीत आठ नग कालचेच उभे आहेत,
तेही खातात, बेटी.

एकाचा सौदा झाला.
आकडा पदराखालचा, तिथेच राहू दे.

दुसऱ्याला तिने जे दाबलं
ते मी बोटाने परत केलं.
ती रागावली नाही.

टेम्पोवाल्याला विचारलं, एकाचंच भाडं ना?
म्हणाला, भाडं पिंजऱ्याचं असतं, बकऱ्याचं नाही.
मग पायीच निघालो आम्ही दोघं,
तीन कोस.
तो बांधाबांधाने बोरीची पानं ओरबाडत,
काट्यांतून ओठ अलगद काढत,
मधेच मागे वळून सोबत्याला हाक देत.

चालल्याने किती ग्रॅम उतरला,
खाल्ल्याने किती चढला,
रविवारी कळेल.