लोहगावला उतरले तेव्हा

पहाटे अडीचला शेलार खाली गाडी लावतात.
हॉर्न देत नाहीत, दिवा मारतात दोनदा.
धानोरीपासून मुंबईचं विमानतळ एकशे साठ किलोमीटर.
ओवीची झोप मोडू नये म्हणून
मी बूट हातात घेऊन चार मजले उतरते
आणि शेवटच्या पायरीवर बसून नाड्या बांधते.

मागच्या सीटवर माझी उशी कायमची ठेवलेली,
तिच्यावर शेलारांच्या बायकोनं भरलेला मोर.
झोपून घ्यायचं असतं. घेते.
तरी उर्शाच्या टोलला जाग येतेच,
आणि अमृतांजनचा पूल पाडला तरी
त्या वळणावर कानांना दडे बसतात अजून.

बाबा तीस वर्षं पिंपरीला गेले, कंपनीच्या बसनं.
म्हणायचे, कारखान्यात आठ तास; बाकीची नोकरी मी बसमध्ये केली.
मी हसायचे तेव्हा.

त्या दिवशी ड्यूटी दुपारची होती.
तिरुवनंतपुरमहून परत येताना मुंबईवर
एक गोल, अजून एक गोल.
खाली कुणाचं तरी चाक फुटून धावपट्टी अडलेली.
कॅप्टन एलावियांनी इंधनाच्या आकड्यावर बोट ठेवलं.
"पुणे," म्हणाले.
मी कागदावर पुणे लिहिलं,
एखाद्या परक्या गावाचं नाव लिहावं तसं, जपून.

उतरवलं मीच.
दिवेलागणीची वाघोली मागे गेली,
आणि धावपट्टी संपता संपता उजवीकडे, लांब,
आमच्या सोसायटीची निळी टाकी.
चेअरमननी तिच्यावर रंगवून घेतलंय : पाणी जपून वापरा.
एरवी तिच्याखाली उभी राहून मी विमानं बघते.

इंजिनं बंद. दार बंद. शिडी नाही.
थांबायचं, इंधन घ्यायचं, परत जायचं.
बाराव्या रांगेतले एक काका
शांतपणे समजावत होते केबिनमधल्या पोरीला :
"मी राहतो येरवड्यात. विमान आहे लोहगावात.
मला मुंबईला नेऊन, रात्रीच्या बसनं
पुन्हा येरवड्यात यायला लावण्यात
तुमच्या कंपनीचा नेमका फायदा काय,
एवढं फक्त लेखी द्या."
काका, त्या कागदाची एक प्रत मलाही हवी होती.
पण माझ्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या.

फोन केला. ओवी म्हणाली, कुठे आहेस?
पुण्यात.
मग ये.

तिचं काहीच चुकत नव्हतं.
म्हटलं, बाल्कनीत जा, दिवा लावते, बघ.
मोठे दिवे असे मारता येत नाहीत कुणासाठी.
मी डोक्यावरचा नकाशा वाचायचा दिवा
लावला, विझवला. पुन्हा लावला.
एवढ्या लांबून काय दिसणार?
म्हणाली, दिसला.

मग शेलार.
"मॅडम, बोर्डावर तुमचं विमान दिसंना.
पार्किंगचे साडेतीनशे झाले."
शेलार, मी पुण्यात आहे.
बराच वेळ फोनमध्ये नुसती मुंबई वाजत राहिली.
"मग मी इथं काय करतोय?"

अडीच तासांनी निघालो. हवेत अर्धा तास धरा.
घाट खालून गेला, उलटा.
एक्स्प्रेसवेवर एका बाजूनं पांढरे दिवे, एका बाजूनं लाल.
लाल रांगेत मी उगाच शोधत होते,
थोड्या वेळानं मी कुठे असेन.

खालापूरला चहा घेतला. शेलार काही बोलले नाहीत,
उशी तेवढी पुढे केली.
त्या रात्री कुठलाच टोल मला कळला नाही.

दोन वाजता विश्रांतवाडीत गाडी हळू झाली.
"मॅडम, उजव्या हाताला विमानतळ.
इथंच होतात ना?"

हो म्हटलं,
आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.